सांगलीच्या दोन रिंगा

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे खिडक्यांना गज नव्हते!

परदेशातल्या, पोरिरुआ नावाच्या गावातल्या त्या भाड्याच्या घरात सामान ठेवलं, हॉलचा पडदा सरकवला आणि मी मागेच झाले. जमिनीपासून हातभर उंचीवर एवढी मोठी खिडकी आणि मधे काही म्हणजे काही नाही. नुसती काच. ढकलली की उघडते.

"समीर, कुणीही आत येईल!"

समीरने बाहेर डोकावून पाहिलं. अख्ख्या रस्त्यावर एक मांजर बसलं होतं. "कोण येईल?" तो म्हणाला.

ते ऐकून तर मला आणखीच भीती वाटली.

समीरचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, चार वर्षांची सई आणि मी. "दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील," असं निघताना सगळे म्हणाले होते. वर्षं जायची तेव्हा जातात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठायला लागतात. इथे आमच्यासारखी 'दोन वर्षांवाली' मराठी मंडळी शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतात आणि खिचडी होईपर्यंत आपापले किस्से काढतात. सगळ्यात जास्त माझ्याकडे निघतात, कारण सगळ्यात जास्त मी दचकते.

या मंडळींतल्या वडीलधाऱ्या म्हणजे वैजूताई. मूळच्या मालवणच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही किती वर्षांसाठी आलात?"

"आम्हीपण दोनच वर्षांसाठी गो," अंगणात स्वतः लावलेल्या झाडावरचं लिंबू तोडत त्या म्हणाल्या. "आता अकरावं चालू आहे!"

* * *

तर खिडक्या. गज नाहीत तर नाहीत. मी बॅगेतून परकराच्या जादा नाड्या काढल्या आणि प्रत्येक खिडकीची कडी नाडीने आवळून टाकली. लाल, पिवळी, हिरवी. मग कुठे मला झोप लागायला लागली.

थोड्या दिवसांनी घरमालक इन्स्पेक्शनला आला. भाडेकरू घर कसं ठेवतात ते इथे मालक येऊन बघतो. उंच, पांढऱ्या दाढीचा, अतिशय सभ्य माणूस. प्रत्येक खिडकीपाशी थांबला, प्रत्येक नाडी निरखली आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात समीरला विचारलं, "हे धार्मिक आहे का?"

इंग्रजीत परकराची नाडी समजावून सांगायचा समीरला कंटाळा आला. तो म्हणाला, "येस."

तेव्हापासून मालक आमच्याकडे येताना बूट दाराबाहेर काढतो आणि खिडकीसमोरून जाताना जरासा वाकतो!

* * *

स्वयंपाकघराच्या छताला स्मोक अलार्म होता. मोहरी तडतडली की हा किंचाळायचा. मी इकडे फोडणी टाकायची, तिकडे तो बोंबलायचा, हातातली हिंगाची डबी खाली! समीर टॉवेल घेऊन धावत यायचा आणि अलार्मखाली वारा घालत उभा राहायचा. मग आम्ही जेवायला बसायचो. रोज.

एक दिवस सईच्या बालवाडीतून निरोप आला, भेटायला या. मी धावतच गेले. बाई म्हणाल्या, "काळजीचं काही नाही, पण आज आमच्याकडे फायर ड्रिल होती. अलार्म वाजल्यावर बाकीची मुलं घाबरली. सई एकटी शांत होती."

"हो का!" मला अभिमान वाटायला लागला.

"ती उठली, बेसिनवर जाऊन हात धुतले, टेबलाशी बसली आणि ताट मागितलं. तिला उचलून बाहेर नेलं, तेव्हा मात्र खूप रडली. म्हणाली, मी अजून जेवले नाहीये!"

* * *

आई सांगलीत एकटी. बाबा गेल्यापासून ती, तिची बीपीची गोळी आणि हॉलमधला काळा फोन. दर शनिवारी कॉलिंग कार्डावरून नीट बोलायचं आणि एरवी रोज नुसत्या दोन रिंगा, असं निघताना ठरलं. मी दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा म्हणजे आम्ही खुशाल. आईने परत दोन द्यायच्या म्हणजे ती खुशाल. उचलायचा कुणीच नाही. समीरचं इंटरनेटही त्याच तारेवरून यायचं, म्हणून त्या वेळी त्याने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा माझा दम होता.

दुसऱ्याच दिवशी आईने फोन उचलला.

"आई! उचललास कशाला?"

"चुकून गं. हात गेला."

"ठेव मग!"

"ठेवते. जेवलीस का?"

"आई, ठेव!"

"सई काय करतेय?"

"आई!!"

इतकी रागावले मी, की त्यानंतर तिने कधीच उचलला नाही. उलट शनिवारीसुद्धा उचलेना! "शनिवारी काय वेगळं सांगायचं असतं? दोन रिंगांत कळतं सगळं," असं पत्रात लिहून मोकळी.

एकदा तिच्याकडून पाच रिंगा आल्या. पाच म्हणजे काय, हे ठरलेलंच नव्हतं! मी दिवसभर अर्थ लावत बसले. पडली असेल? पाहुणे आले असतील? घर विकायला काढलं? पंधरा दिवसांनी पत्र आलं, 'त्या दिवशी चष्मा सापडेना, म्हणून फोन ठेवायला उशीर झाला.'

* * *

शेजारी टामा राहायचा. माओरी, धिप्पाड, आवाज ढगासारखा. ऐन थंडीत कोपऱ्यावरच्या दुकानात (इथे त्याला डेअरी म्हणतात) दूध आणायला अनवाणी निघालेला दिसला. मला फार वाईट वाटलं. मी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू घालून त्याला नेऊन दिले.

"स्वीट ॲज!" तो म्हणाला. इथल्या बोलीत 'झकास'; म्हणजे लाडू आवडले असावेत.

दुसऱ्या दिवशी दारात आमचा डबा. झाकण लागत नव्हतं, कारण आत अख्खा मासा होता आणि शेपटी बाहेर. मासा माझ्याकडेच बघत होता! मी अशी ओरडले की समीर झाडू घेऊन आला. आम्ही अंडंसुद्धा न खाणारी माणसं.

डबा तीनदा घासला. पण रिकामा कसा परत करायचा? आईने मला शिकवलंय, डबा रिकामा पाठवायचा नाही. मी शंकरपाळे घातले. परत मासा आला. टामाला त्याच्या आईने नेमकं तेच शिकवलं होतं!

आता हे थांबवायचं कुणी? मासे वैजूताईंकडे जायला लागले. एकदा मी म्हटलं, "ताई, मी त्याला सरळ सांगते, आम्ही खात नाही."

"खबरदार!" वैजूताई म्हणाल्या. "आणि या खेपेला चकली घाल. चकलीला तो मोठा मासा देतो."

* * *

समीर मला नेहमी सांगायचा, "तू उगाच घराची आठवण काढत बसतेस. मला बघ, होतं का काही?" आणि रविवारी गाडी धुवायला म्हणून दोन तास गायब व्हायचा. गाडी तशीच मळकी परत यायची.

शेवटी त्यानेच कबूल केलं. तो टेकडीवर जायचा, जिथे मेंढ्यांशिवाय काही नाही. गाडी थांबवायची, काचा वर करायच्या आणि पोटभर हॉर्न वाजवायचा! इथे कुणी हॉर्न वाजवतच नाही. "डोकं कसं सुन्न होतं गं त्या शांततेने," तो म्हणाला.

एकदा एक शेतकरी दोर घेऊन धावत आला. गाडी अडकली असं वाटलं त्याला. "आर यू ओके, मेट?"

"होमसिक," काच खाली करत समीर म्हणाला.

शेतकऱ्याने थोडा विचार केला. मग खिडकीतून हात घालून त्यानेही दोनदा हॉर्न वाजवला, "फेअर इनफ" म्हणाला आणि दोर गुंडाळत निघून गेला.

* * *

त्या शनिवारी खिचडी आमच्याकडे होती. आदल्याच आठवड्यात आईचं पत्र आलं होतं, 'परवा देवघरात जरा चक्कर आली. कळवणार नव्हते, पण कळवते. आता बरी आहे.' ते 'आता बरी आहे' मी इतक्या वेळा वाचलं, की त्याच्यावरचा विश्वासच उडाला. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या परतीच्या दोन रिंगांत.

मी दोन रिंगा दिल्या आणि तांदूळ धुवायला गेले. धुऊन झाले. भिजले. निथळले. सांगलीहून काही नाही. समीर आपला कॉम्प्युटरवर मराठी पेपर उघडायची वाट बघत बसलेला.

"ऊठ आधी तिथून! मला फोन लावायचाय!"

लावला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आई उचलत नाहीये!"

"नाहीच उचलणार. तूच बजावलंयस त्यांना."

"अरे, पण इतका वेळ वाजतोय म्हणजे काहीतरी असेल, हे कळू नये?"

"त्यांना वाटत असेल, आज तू फारच खुशाल आहेस."

मी रडायलाच लागले. आईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना लावला, तर "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं एक बाई शुद्ध मराठीत सांगायला लागली. इतक्या दिवसांनी अनोळखी मराठी आवाज! मी तो दोनदा ऐकला. मग भानावर येऊन पुन्हा आईला लावला.

तेवढ्यात सोलकढीचं भांडं घेऊन वैजूताई आल्या. माझा अवतार बघितला, भांडं ठेवलं आणि पिशवीतून बीपीचं मशीन काढून माझ्या दंडाला गुंडाळलं. "सांगलीचं मागाहून बघू. आधी तू पडशील!"

एका हाताला पट्टा, दुसऱ्या हातात फोन. गॅसवर खिचडीची फोडणी होती, हे कुणाच्याच लक्षात नाही. अलार्म किंचाळायला लागला. समीर टॉवेल घेऊन धावला. सई हात धुऊन टेबलाशी येऊन बसली. "मॉम, इज इट खिचडी?"

दारात टामा, हातात डबा, डब्याबाहेर शेपटी. धूर, किंकाळ्या, पट्टा बांधलेली रडणारी मी. "तिची आई. फोन उचलत नाही," वैजूताईंनी त्याला सांगितलं. टामाने डबा खाली ठेवला, डोळे मिटले आणि त्या ढगासारख्या आवाजात माओरीत प्रार्थना सुरू केली.

आणि त्याच्या मागोमाग मालक! अलार्म फार वाजतो, अशी मीच तक्रार केली होती. त्याने शिडी भिंतीला टेकवली, बूट काढले, खिडकीसमोर वाकला आणि टामाशेजारी हात जोडून उभा राहिला.

"हललीस तर आकडा चुकेल," वैजूताई म्हणाल्या.

मी हलले नाही. फोन कानाला. वाजतोय. वाजतोय. आणि मग खट्!

"आई?" मी ओरडले. "आई, तू आहेस ना? बरी आहेस ना?"

"अगं, मी उचलला नाही हं!" सांगलीहून आई माझ्याहून मोठ्याने ओरडली. "तुला रिंगा द्यायला हातात घेतला, तर आत तूच! मघाशी बघावं तर तुझा एंगेज, आणि मग सारख्या तुझ्याच रिंगा. तू ठेवलास तर मी माझ्या दोन देईन ना? ठेव बघू!"