कलमदाजींचा चौथा परिच्छेद

कोर्टाच्या मागच्या गल्लीत टायपिंग-झेरॉक्सची सहा दुकानं आहेत. पाच दुकानांत टायपिंग होतं, सहाव्यात कायदा होतो. ते सहावं कलमदाजींचं.

दाजी वकील नाहीत. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कधी सांगत नाहीत. सव्वीस वर्षं लोकांचे जामिनाचे अर्ज आणि भाडेकरार टाइप करून करून कायदा त्यांच्या बोटांना चिकटला आणि तिथून कधीतरी डोक्यात गेला, एवढंच. शेजारपाजारी दोघं गाडी लावण्यावरून भांडले, तरी दाजी चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "यात कलम कोणतं लागतं, माहितीये?" मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, 'कलम' गल्लीने जोडलं. दाजींना ती पदवी वाटायची.

कोरं पान मात्र त्यांना चालत नसे. नवं काम आलं की कॉम्प्युटरमधलं जुनं उघडायचं, वरचं नाव बदलायचं, खालची तारीख बदलायची, मधे चार ओळी घुसवायच्या, की झालं. बोटं चालायची तेव्हा डोळे रस्त्यावर असायचे आणि तोंड गिऱ्हाइकाशी. केलेलं पुन्हा वाचणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं, असं त्यांचं स्पष्ट मत. एकदा एका बाईच्या घटस्फोटाच्या अर्जात "सदर वाहन पहिली दोन वर्षं ठीक चाललं, नंतर नुसता आवाज करू लागलं" हे वाक्य तसंच राहून गेलं. न्यायाधीशांनी विचारलं, हे काय? बाई म्हणाली, "राहू द्या साहेब, हेच तेवढं खरं आहे." हा किस्सा दाजी स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "बघा, माझी चूकसुद्धा कोर्टात टिकते!"

आता तोफेकडे येऊ. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड. त्याची किक अशी, की गोलकीपर बॉल अडवण्याऐवजी स्वतःला वाचवायचे. सगळं गाव त्याच्यावर फिदा होतं आणि दाजींचं दुकान म्हणजे त्या फिदा लोकांचं मुख्यालय. या तोफेने एका सोमवारी संध्याकाळी मैदानाच्या फाटकावर वॉचमनचा जबडा मोडला. मंगळवारी सकाळी पोलिसांनी त्याला उचललं आणि दुपारपर्यंत दाजींच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"तोफ तिथे नव्हताच," सायकलवाला म्हणाला. पंक्चर काढायचं अर्धवट टाकून आला होता बिचारा, एक चाक हातातच होतं.

"होता, पण मारलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "अहो, तो पायाचा खेळाडू. हाताने मारणं त्याच्या नियमात बसतं का?"

"मारलं असेल, पण आधी त्या वॉचमननेच हात उचलला असणार," बँकेतून रिटायर झालेले कॅशियर म्हणाले. "आणि मारलं म्हणजे तरी काय, एक टोला. एका टोल्यात मोडतो तो जबडा मुळात कच्चाच असणार."

नव्हता. होता, पण मारलं नाही. मारलं, पण आधी त्याने. मारलं, पण जबडाच कच्चा. तिघांत एकाने बोलावं आणि बाकीच्या दोघांनी "अगदी बरोबर!" म्हणावं, असं दोन तास चाललं. एकाचं खरं धरलं तर दुसरा खोटा पडतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

शेवटी सगळे दाजींकडे बघायला लागले. "साहेब, तुम्ही सांगा."

साहेब! घरी त्यांना 'अहो' म्हणत, कोर्टात 'ए टायपिंग' म्हणत. साहेब फक्त याच मंडळींच्या तोंडी. दाजींनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "चारही मुद्दे घेऊ."

एक गोष्ट मात्र त्यांनी दुकानात कुणाला सांगितली नव्हती. तो वॉचमन म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि दुसरी गोष्ट तर मुळीच सांगितली नव्हती. तोफेने मारलं तेव्हा दाजी दहा पावलांवर उभे होते.

ते तिथे गेले होते सराव बघायला, म्हणजे फुकटात. मेहुणा फाटकावर असूनही दाजींना बारा वर्षांत एकदासुद्धा बिनपासाचं आत जाता आलेलं नव्हतं. "दाजी, पास?" एवढंच विचारायचा तो, तेही हसून. चिडावं तर हसतोय, हसावं तर आत सोडत नाही. त्या सोमवारीही तेच झालं, म्हणून दाजी तोंड फुगवून बाजूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. तेवढ्यात तोफ तीन मित्र घेऊन आला. मेहुणा म्हणाला, "तू ये, यांना पास लागेल," आणि कुलूप लावायला वळला. पुढचं दाजींनी स्वच्छ पाहिलं. आणि पाहून काय केलं? झाडामागे गेले. मागच्या मागे घरी आले. दोन घास पोटात गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, कारण तिला न सांगता त्यांना काही पचत नाही.

कॉलेजने बुधवारी नोटीस काढली. वॉचमन कामावर प्यायलेला होता, पायरीवरून पडला, शनिवारी चौकशी, साक्षीदार असल्यास हजर करावा, नसल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल. ज्याने जन्मात दारूला हात लावला नाही, तो माणूस दवाखान्यात जबड्याला तारा बांधून पडलेला. बोलताही येईना. बहिणीने नोटीस दाखवली तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, "दाजी होते ना तिथे?"

ती पाटी घेऊन बायको तडक दुकानात आली. ती तिथेच बसायची, कागद लावायला आणि स्टेपल मारायला.

"करा टाइप," ती म्हणाली. "जे पाहिलंत तेवढंच. एक शब्द जास्त नको."

"अगं, पण गल्लीत काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा. झाडामागे नेलं होतंत ना, तेच."

दाजींनी टाइप केलं. जन्मात पहिल्यांदा कोऱ्या पानावर. बायको शेजारी उभी असल्यामुळे कलमं नाहीत, सदरहू नाही, उपरोक्त नाही. सही मात्र केली नाही. म्हणाले, "उद्या करतो, आज पेन नीट चालत नाहीये." पेनांचा डबा समोर होता. बायकोने आधी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

गुरुवारी फॅन मंडळींना कल्पना सुचली. सगळ्यांनी मिळून प्रतिज्ञापत्र करायचं की सोमवारी चार ते सात तोफ दाजींच्या दुकानात होता, आमच्याबरोबर. एकतीस जण सह्या करायला एका पायावर तयार. "साहेब, मसुदा तुमचाच हवा!" 'साहेब' कानात गेलं आणि दाजींची बोटं आपोआप कामाला लागली. मैदान, फाटक, तारीख, वार सगळं आयतं ज्या कागदात होतं तोच कागद त्यांनी उघडला. वरची नावं बदलली, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात दुकान घातलं, खाली एकतीस रेघा मारल्या. डोळे रस्त्यावर, तोंड कॅशियरांशी. तीन प्रती निघाल्या, बायकोने स्टेपल मारले, एकतीस जणांनी सह्या ठोकल्या. वाचलं कुणी? छे! साहेबांनी केलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

शुक्रवारी दुपारी तोफेच्या वकीलबाई कागद न्यायला आल्या. तीन दिवसांची जागरणं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. उभ्याउभ्याच पहिलं पान वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मी कोर्टात सांगतेय की वॉचमनने आधी हात उचलला आणि माझ्या अशिलाने स्वतःचा बचाव केला. तुम्ही सांगताय तो तिथे नव्हताच. नव्हता तर बचाव कुणी केला? याच्या सायकलीने?"

सायकलवाल्याने आजही हातात असलेलं चाक मागे लपवलं.

वकीलबाईंनी पान उलटलं. मग मोठ्याने वाचायला लागल्या.

"चार. मी फाटकापासून दहा पावलांवर उभा होतो. वॉचमनची पाठ खेळाडूकडे होती. त्याच्या उजव्या हातात किल्ल्या होत्या, डाव्या हाताने तो कडी ओढत होता. 'यांना पास लागेल' एवढंच तो म्हणाला होता. खेळाडूने बाजूने ठोसा मारला. वॉचमन खाली पडला, पण किल्ल्या त्याने सोडल्या नाहीत. हा माणूस पासाशिवाय स्वतःच्या दाजीलाही आत सोडत नाही."



"आणि याखाली तुम्हा एकतीस जणांच्या सह्या," वकीलबाई म्हणाल्या. "एकतीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं? वा! सरकारी वकील तुमचे पाय धरतील."

मग जो काही गोंधळ उडाला! चष्मेवाला म्हणाला, मी चष्म्याशिवाय सही केली. कॅशियर, ज्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवल्या, ते म्हणाले ही सही माझी वाटत नाही. "साहेब, टायपिंगची चूक आहे म्हणून सांगा ना!" सायकलवाला ओरडला. "घटस्फोटात ते मोटारसायकलचं राहिलं होतं, तसंच हे!"

 तसं सांगायचं दाजींचं ठरलंच होतं. 'चूक' हा शब्द जिभेवर आला होता.

"चूक?" वकीलबाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "वीस वर्षं झाली मला. या गल्लीतून एवढा सरळ मजकूर कधी आला नव्हता. एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. उलटतपासणीला मी याला कुठून धरू, मलाच कळत नाहीये. कुणी लिहिलाय हा?"

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं दाजींनी वाट पाहिली होती, की खऱ्या काळ्या कोटातल्या माणसाने आपला मसुदा हातात धरून एकदा तरी असं म्हणावं.

"मी," दाजी म्हणाले.

"अहो, कल्पनेने लिहिलंय त्यांनी!" कॅशियर मदतीला धावले. "साहेबांची कल्पनाशक्तीच तशी दांडगी आहे!"

आणि इथे घात झाला. दाजी ताडकन उठले. "कल्पना? यात कल्पनेचा एक शब्द नाही! डोळ्यांनी पाहिलंय मी! किल्ल्या उजव्याच हातात होत्या!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. खाली बसायला गेले तर बायकोने खुर्ची मागे ओढली होती. तिने बुधवारचा मूळ कागद समोर ठेवला, डब्यातलं एक पेन काढून रद्दी कागदावर गिरगटून पाहिलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"चालतंय," ती म्हणाली.

दाजींनी उभ्यानेच सही केली. 

वकीलबाईंनी त्या कागदाकडे पाहिलं, आपली बॅग उचलली आणि म्हणाल्या, "माझी केस गेली. पण खोटी लढायची वेळ टळली." पायरी उतरताना फॅन मंडळींना म्हणाल्या, "तुमचं प्रतिज्ञापत्र फाडून टाका. आणि पुढच्या वेळी कुणाला वाचवायचं असेल, तर आधी वाचायला शिका."

संध्याकाळी दुकान बंद करताना दाजींनी बायकोला विचारलं, "तीन प्रतींना स्टेपल तू मारलेस. तुला दिसला नाही तो चौथा परिच्छेद?"

"दिसला की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोलला होतात?" ती म्हणाली आणि शटर खाली ओढलं.

शनिवारी चौकशीत दाजी बोलले. कलमं न लावता बोलले, त्यामुळे पाच मिनिटांत संपलं. मेहुण्याची नोकरी वाचली. मुख्यालय मात्र सोमवारीच समोरच्या सायकलच्या दुकानात हललं आणि तिथे आता दाजींच्या साक्षीवर चर्चा रंगू लागली. दाजी तिथे नव्हतेच. होते, पण झाडामागून काय दिसणार? दिसलं असेल, पण तो मेहुणा पडला, म्हणून बोलले. मेहुणा नसता तरी बोलले असते, माणूसच फितूर. तिघंही एकमेकांना "अगदी बरोबर!" म्हणत होते. दाजींना ते सगळं रस्त्यापलीकडून ऐकू यायचं आणि आतून तुटायचं. साहेब म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकदा मात्र न राहवून ते ओरडले, "अरे, चारही एकदम चालत नाहीत! एक काहीतरी धरा!"

महिन्याभराने उपांत्य सामना होता. तोफ जामिनावर सुटला होता, पण टीममध्ये नव्हता. मेहुणा कामावर आला होता. जबड्याच्या तारा तशाच होत्या, पण फाटकावर तोंडाचं काय काम? रांगेत पुढे सायकलवाला, चष्मेवाला, कॅशियर. प्रत्येकाने मान खाली घालून तिकीट दाखवलं, मेहुण्याने दोन्ही बाजूंनी बघून परत दिलं.

मग दाजी आले. आज ऐटीत होते. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे. गल्ली गेली, साहेबपण गेलं, सगळं ज्याच्यापायी गेलं तो माणूस समोर उभा होता. आज तरी! दाजी हसून फाटकातून आत जायला लागले.

मेहुण्याने हात आडवा घातला. बोलता येत नव्हतं. त्याने फक्त तळवा पुढे केला आणि डोळ्यांनी हसला.

आत गेलेले तिघं वळून बघत होते. दाजींचे कान लाल झाले, तोंडात चांगली सणसणीत शिवी आली. आणि तेवढ्यात त्यांना आपलंच वाक्य आठवलं, चौथ्या परिच्छेदातलं शेवटचं. शपथेवर सांगितलं होतं ते. सहीनिशी.

"थांब," ते म्हणाले. "आलोच." आणि तिकिटाच्या खिडकीवर जाऊन रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले.