काकाच्या खोलीचं दार

काका तुरुंगातून सुटून आला तेव्हा आमच्या घरच्यांनी त्याला पुन्हा कोंडलं, आणि तेही मायेनं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी फैजपूरला कॉलेजात जात होते. शेताच्या बांधावरून हाणामारी झाली, समोरच्याचं डोकं फुटलं आणि काकाला शिक्षा झाली. आत गेल्यावरही त्याचा हात शांत बसला नाही. बराकीत कुणाशी तरी भांडला, म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत टाकलं. तिथं तो कितीतरी महिने होता. सुटला तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, त्याला आणायला गेले आणि धुळ्याहून एसटीनं घेऊन आले. स्टँडपासून घरापर्यंत गावभर हाका मारत येणारा आमचा काका त्या दिवशी खाली मान घालून आला आणि उंबऱ्यापाशी उभा राहिला. 'ये' म्हटल्यावर आत आला.

आमच्या घरात शहाणपणाचा कधी तोटा नव्हता. तोटा होता तो ऐकून घेणाऱ्यांचा. नानांनी फर्मान काढलं, त्याला आराम पाहिजे, डोक्याला ताप नको. खळ्याकडची नवी खोली त्याला दिली. पोरांनी तिकडे फिरकायचं नाही, शेजाऱ्यांनी भेटायला यायचं नाही. ताट झाकून दाराबाहेर ठेवायचं, वाटेल तेव्हा तो जेवेल. काकूलाही 'थोडे दिवस' आम्हा बायकांतच निजायला सांगितलं. जावयाची ठेवली नसती अशी बडदास्त.

काका मात्र दिवसेंदिवस खचत गेला. खळ्यात फिरायला काढलं तर मोकळ्या जागेतही थोडंसं चालून भिंत आल्यासारखा वळायचा. विचारलं तर उभा राहून 'हो' म्हणायचा, आपणहून एक शब्द नाही. दोन माणसं एकदम बोलली की कानांवर हात. आणि ते ताट. कधी चाटूनपुसून रिकामं, कधी जसंच्या तसं. घरात त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायची भाषा सुरू झाली. पुन्हा कुलूप, पुन्हा गज. मला ऐकवत नसे.

काकूचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अहिराणी. धाकटी सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं असलं की पदर पुढे ओढून ती मला मध्ये घालायची, 'तुना नानाले सांग.' नाना समोरच बसलेले असत, तरी मी तेच वाक्य त्यांना पुन्हा ऐकवायची. ही पोस्टमनकी मी वर्षानुवर्षं बिनपगारी केली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी वारा सुटला होता. काकू ताट उचलायला गेली ती लवकर परतली नाही, म्हणून मी बघायला गेले. दार वाऱ्यानं नुसतं लोटलं गेलं होतं, कडी लावलेली नव्हती. काकूनं ते ओढून उघडलं होतं, आणि आत काका दाराला नाक लागलं असेल इतका जवळ उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

'जेवनात का बरं नही?' न शिवलेल्या ताटाकडे बघत काकूनं विचारलं.

'दार लागेल व्हतं,' काका म्हणाला. 'कोनी उघडलं नही.'

दार उघडं असलं की तो जेवायचा आणि लागलं की उपाशी राहायचा, एवढंच ते कोडं होतं. कोठडीत दार उघडणं कधी त्याच्या हातात नव्हतं. आता ते हातातूनच गेलं होतं. मला रडू आलं, आणि आमच्या सगळ्यांचा रागही आला.

काकू तडक ओट्यावर गेली. नाना सवयीनं माझ्याकडे पाहू लागले, पण ती माझ्यासाठी थांबली नाही. पदर डोक्यावर होता, आवाज मात्र थेट. 'ते येडा नही शेतस. त्यास्ले दार उघाडता येत नही. ते दार काढी टाका.'

नाना इतके गांगरले की उत्तर त्यांनी मलाच दिलं, 'सांग तिले, काढतो.'

सुतारानं दार काढलं. काकूनं चौकटीला जुनं लुगडं टांगलं आणि आपलं अंथरूण त्या खोलीत नेलं. दार खळ्यात विटांवर आडवं टाकलं, त्याचं बाकडं झालं. संध्याकाळी शेजारचे तिथं येऊन बसू लागले, काकाही बसू लागला. पुढे शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजली तेव्हा ठेचायला काकालाच बसवलं. पूर्वी ते काम त्याचंच होतं. सगळे गप्पांत असताना तो मध्येच म्हणाला, 'मीठ कमी हाये.'

कुणी विचारलं नव्हतं. मीठही कमी नव्हतं. पण नानांनी मूठभर आणखी टाकलं आणि ते खारट भरीत आम्ही बोटं चाटून खाल्लं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी काका बाकड्यावर बसलेल्यांना म्हणाला, 'उठा.' दार उचलून नेलं आणि स्वतःच बिजागऱ्या ठोकून बसवलं. 'थंडी लागते,' एवढंच बोलला. मग आत गेला, दार लावलं आणि आतून कडी घातली.

आम्ही सगळे खळ्यात खिळल्यासारखे उभे. कडी काही निघेना. शेवटी नाना उघडायला पुढे सरसावले. काकूनं पुन्हा थेट सांगितलं, 'थांबा.'

कडी वाजली. दार उघडून काका बाहेर आला.

'असे उभे काहून?' तो म्हणाला. 'बसा ना.'

बाकडं तर त्यानंच नेलं होतं. नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आम्ही सगळे खाली मातीतच बसलो.