नीरा चाखणारा म्हातारा

नीरा केंद्रावर कारकून म्हणून लागलो, तेव्हा घरातला पहिला बी. ए. म्हणून माझी छाती फुगलेली होती. पण तिथली खरी विद्या चाखणाऱ्या म्हाताऱ्याकडे होती. पहाटे गावोगावची मडकी येत. तो मिरची-मासळी न खाता, जीभ धुऊन बसे. थेंबभर नीरा तोंडात घोळवी, थुंके आणि सांगे, "ही पावने गावची, लय गोड. पैला नंबर. ही सारसोल्याची. झाड खाडीला लागून हाय, म्हनून खारट लागते." मी वहीत टिपून घेई. तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

दारूबंदीचे दिवस होते. नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावत; ती आंबली की तिची ताडी होई, आणि तसं मडकं आणणाऱ्याचा परवाना जाई.

एका सकाळी त्याच्याच मुलाचं मडकं आलं. थेंब जिभेवर ठेवून म्हातारा जरा थांबला.

"आंबली. आतून चुना लावला नाय यानं."

"बा, घरात खायाचं काय मंग?" मुलगा ओरडला.

मला धक्काच बसला. त्या एका परवान्यावर त्यांचं सारं घर चालत होतं. मी हळूच म्हणालो, "बाबा, मी ठीक लिहितो. कोण बघतंय?"

त्याने मडकं जमिनीवर पालथं केलं.

"साहेब, तुमी शिकलेले ना? आंबली लिवा."

मी लिहिलं. म्हाताऱ्याने पुढचं मडकं ओढलं. मुलगा अजून तिथेच उभा होता.