रिकाम्या जागेतला आवाज

राहे गावच्या पाणीपुरवठ्यात ओस्मो रातिकाइनेन पंप सांभाळतो, आणि घरी आला की 'विए' सांभाळतो. विए म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीवर फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करणारी कमांड. काळ्या पडद्यावर तीन रोमन अक्षरं टाइप करायची, कुठून कुठे ते सांगायचं, झालं. ज्याने ती लिहिली तो माणूस सव्वीस वर्षांपूर्वी कंटाळून निघून गेला आणि 'तात्पुरती' म्हणून ती ओस्मोच्या गळ्यात पडली. जगभर लोक ती फुकट वापरतात. आभाराची पत्रं आजवर चार आली. तक्रारी किती आल्या ते विचारू नका. कॉपी नीट झाली तर ती आपोआप होते, आणि बिघडली तर ओस्मोमुळे, असा हा मामला आहे.

त्याची बायको सिर्का म्हणते, "दुसऱ्या बायका नवऱ्याच्या दारूबद्दल रडतात. मी सांगू तरी काय कोणाला? नवऱ्याला कॉपी दुरुस्त करायचं व्यसन आहे?"

दोन वर्षांपूर्वी ओस्मोने विएला एक जवळची वाट काढून दिली. एरवी कॉपी करणाऱ्याने फाइल संगणकाकडे रीतसर मागायची असते, आणि तो देईल ते घ्यायचं असतं. नवी विए मागत बसत नसे. थेट डिस्कवर जाऊन फाइलच्या जागेवर जे असेल ते उचलून आणायची. वेग दुप्पट झाला, ओस्मो खूश झाला. विए वापरणाऱ्यांच्या ईमेल-चर्चेच्या यादीवर एकाने शंका काढली, की फाइलसाठी नुसती राखून ठेवलेली, अजून काहीच न लिहिलेली जागा असेल तर? ओस्मोने तोऱ्यात उत्तर दिलं, "रिकाम्या जागेत काय असणार? रिकामंच!" इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका निस्तरलेल्या माणसाने असं बोलायला नको होतं.

ऑक्टोबरात लिमिन्का गावाहून पत्र आलं. लिहिणारी हेल्वी तुओमाला, वय चौऱ्याहत्तर. रेडिओच्या ध्वनिसंग्रहातून निवृत्त झालेली, त्यामुळे कमांडला न बिचकणारी. तक्रारी जाहीर यादीवर टाकायची पद्धत असते. हिने पत्र एकट्या ओस्मोला पाठवलं होतं.

"मी पाणथळीतल्या पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करते. माझा रेकॉर्डर सुरुवातीलाच तासाभराची जागा अडवून ठेवतो. मी वीस मिनिटांत थांबते. मूळ फाइलमध्ये पुढची चाळीस मिनिटं शांतता असते. रेकॉर्डरची डिस्क संगणकाला लावून तिच्यावरच विएने कॉपी केली, की त्या चाळीस मिनिटांत माझा नवरा अहती बोलतो. तो जूनमध्ये वारला. हा दोष असेल, तर कृपा करून दुरुस्त करू नका."

सोबत एक फाइल होती. शनिवारची दुपार होती, सिर्का वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवत होती. ओस्मोने फाइल लावली. क्रौंच पक्ष्यांचा कलकलाट, वारा, चिखलात रुतणारे बूट. विसाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं. मग कोणीतरी खोकलं. मोकळ्या पाणथळीतला नव्हे, बंद खोलीतला खोकला, अगदी कानाशी. मग धाप लागलेला म्हातारा आवाज आला, "हेल्वी... अगं हेल्वी, आहेस का?"

पलंग करकरला.

"हेल्वी?"

सिर्का टॉवेल घेऊन दारात उभी होती. "कोण आलंय?"

"कोणी नाही."

"अरे, माणूस बोलला आत्ता!"

दोष कुठे असावा याचा ओस्मोला अंदाज आला होता. पण दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. त्याने आपल्या संगणकावर एक फाइल बनवली, तिच्यासाठी जागा अडवली, तीत काहीही लिहिलं नाही, आणि विएने कॉपी केली. उघडली तर मजकूर होता. "मित्रहो, एकोणीस वर्षं झाली. मला आता हे झेपत नाही. दुसरं कोणीतरी पाहा." पत्र त्याचंच होतं. सात वर्षांपूर्वी एका रविवारी लिहिलेलं, कोणालाही न पाठवलेलं.

सिर्का पाठीमागून वाचत होती. "हे कधी लिहिलंस?"

"लिहिलं आणि खोडलं."

"खोडलेलं दिसतंय खरं," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संगणकात खोडणं म्हणजे नुसती दारावरची पाटी काढणं. आतला माणूस तसाच बसून असतो, त्या घरात दुसरं बिऱ्हाड येईपर्यंत. विए पाटी न बघता थेट घरात शिरत होती आणि आत जो बसला असेल त्याला घेऊन येत होती. सोमवारी जाहीर यादीवरही ओरड झाली. कुठल्याशा दवाखान्यात कॉपी केलेल्या फाइलींत खोडलेल्या रुग्णांची माहिती निघाली होती. आता थांबता येणार नव्हतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ओस्मोने हेल्वीला फोन लावला.

"हेल्वीबाई, मला हे दुरुस्त करावं लागेल. लोकांची गुपितं बाहेर पडताहेत."

"मग अहती येणार नाही."

"तो आवाज तुमच्याच डिस्कवर होता ना? तुम्हीच खोडलात?"

तेव्हा तिने सांगितलं. वसंतात अहती अंथरुणाला खिळला होता. ती बाहेर जाताना त्याच्या उशाशी रेकॉर्डर चालू ठेवून जायची आणि आल्यावर ऐकायची. एप्रिलमध्ये क्रौंच आले तशी ती एकदा तासभर पाणथळीत गेली. परत येऊन ऐकलं, तर तो हाका मारत होता. तिने तिथेच बंद केलं. पुढचं ऐकायची हिंमत झाली नाही, त्याला विचारायचीही नाही. अंत्यविधीनंतर तिने ती सगळी रेकॉर्डिंग्ज खोडून टाकली.

"तो बोलावत होता आणि मी पक्षी ऐकत होते," ती म्हणाली. "आता येतो, तर निदान मी हजर असते. आधी पुष्कळ बोलायचा हो. हल्ली एखादाच शब्द. नुसता खोकतो. मला वाटतं, तो दूर चाललाय."

ओस्मोने विचारलं, "तुम्ही हे कितीदा करता?"

"ऑगस्टपासून सकाळ-संध्याकाळ. नवं रेकॉर्डिंग, नवी कॉपी. ऐकून झालं की दोन्ही खोडते."

"एकही ठेवली नाहीत?"

"तुम्हाला पाठवली तेवढी. आपण होऊन येतो त्याला डांबून कसं ठेवायचं?"

प्रत्येक नव्या कॉपीला मोकळी जागा लागते, आणि त्या छोट्या जुन्या डिस्कवर मोकळी जागा म्हणजे अहतीचंच घर. ऑगस्टपासून रोज दोनदा ती त्याच्या घरात नवं बिऱ्हाड घुसवत होती.

"हेल्वीबाई, तो दूर जात नाहीये. तुम्हीच त्याला पुसताय."

बोलून गेल्यावर ओस्मोला स्वतःचीच लाज वाटली.

"ऐकून?" तिने विचारलं.

"कॉपी करून. आत्ता उठा आणि संगणकाची वायर भिंतीतून ओढा. बटण दाबू नका, वायर ओढा."

रजा टाकून तो त्याच दुपारी लिमिन्काला गेला आणि डिस्क काढून घेऊन आला. घरी आल्यावर विएची जवळची वाट बुजवली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, "रिकाम्या जागेत काय असतं ते मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. चूक माझी."

मग तीन आठवडे तो ती डिस्क चाळत बसला. अर्ध्या सेकंदाचा खोकला, शब्दाचं शेपूट, चादरीची सळसळ, आणि मध्येमध्ये क्रौंचांच्या कलकलाटाचे लचके. सिर्का भांडी घासताना मान वळवून पाहायची. "घरात कोणीतरी आजारी आहे असं वाटतं रे," ती म्हणायची. तुकड्याला तुकडा जोडून वाक्य बनवता आलं असतं, पण तो खोटेपणा ओस्मोने केला नाही. सलग असा तुकडा एकच निघाला, एकोणीस सेकंदांचा.

नोव्हेंबरात तो हेल्वीच्या स्वयंपाकघरात बसला होता. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. दोघांनीही हात लावला नाही.

"हाका असतील तर लावू नका," ती म्हणाली.

"हाकांच्या पुढचं आहे. तुम्ही ऐकलं नव्हतंत ते."

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने तुकडा लावला.

"...ल्वी?" मग दोन-तीन श्वास. मग थोडं हसल्यासारखं झालं, आणि आवाज स्वतःशीच बोलला, "गेली वाटतं क्रौंचांकडे. बरं झालं. महिनाभर माझ्या उशाशी बसून तोंड एवढंसं झालंय बिचारीचं. हिंडू दे जरा." पलंग करकरला, एक लांब जांभई आली, आणि संपलं.

हेल्वीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. तिचा चेहरा ओला झाला होता आणि ती तो पुसतही नव्हती. तिने भीत भीत विचारलं, "हे किती वेळा ऐकता येईल?"

"हवं तितक्यांदा, हेल्वीबाई. आता ऐकल्याने झिजणार नाही."

तिने खुर्ची पुढे ओढली. "मग लावा," ती म्हणाली.