पुसलेली पायरी

"तुझ्या पोरांनी चिखल केलाय, तूच पूस."

रावसाहेब एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. लोणावळ्यातल्या त्या दगडी स्तंभाची देखरेख त्यांच्याकडे होती. चौदा सालच्या जर्मनच्या लढाईत मेलेल्या मावळातल्या शिपायांचा स्तंभ. मी महारवाड्यातल्या शाळेचा मास्तर, जातीनं महारच. सोळा पोरांना घेऊन तिथं नागरिकशास्त्र शिकवायला गेलो होतो.

शिकवलं तरी काय? म्हटलं, बघा रे, देवळाला दार असतं, दाराला कडी असते. ह्याला दार नाही, भिंत नाही. चारी बाजूंनी पायऱ्या. बांधणाऱ्यानं असं का बांधलं? कुणीही, कुठूनही यावं म्हणून. ह्यालाच सार्वजनिक म्हणतात. तुम्ही नागरिक आहात. चढा.

माझ्या शब्दावर पोरं चढली. भातखाचरं तुडवून आलेले पाय. सगुणा सगळ्यांत पुढं. तिचा बाप त्याच लढाईत बसऱ्याला मेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. त्याचं नाव त्या दगडावर शेवटच्या ओळीत होतं. बापाची म्हणून दुसरी कसलीच वस्तू तिनं पाहिली नव्हती. अक्षरांवर बोट ठेवून ती वाचायला लागली. नाव निम्म्यावर आलं आणि मागून रावसाहेबांचा आवाज आला, "ए, खाली उतरा. विटाळ करता?"

पोरं उतरली. मी उतरवली. नाव तिच्या बापाचं आहे, साहेब, एवढं तरी म्हणायचं होतं. त्याऐवजी पोरांची रांग लावली. मग ते पुसायचं फर्मान. फडकं नव्हतं. मी डोक्याचा पटका सोडला, गुडघे टेकले आणि पोरांच्या देखत पायऱ्या पुसल्या. एकेक पाऊल. सगुणाचं सगळ्यांत वर होतं, तिच्या बापाच्या नावाखाली. तेही पुसलं. लाज वाटत होती, पण हात थांबला नाही. लाजेपेक्षा नोकरीची भीती मोठी होती, खोटं कशाला बोलू?

परतताना सगुणानं विचारलं, "गुरुजी, आमी चढलो तर इटाळ. तुमी पुसाया चढला, तवा न्हाई झाला व्हय?"

मी म्हणालो, "चल, पाय उचल."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. आठवडाभर नाही. घरी गेलो तर तिची आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"ती न्हाई यायची, गुरुजी. म्हनती, गुरुजींनी माझ्या बाला पुसलं. मी लय सांगितलं, दगडात कोरल्यालं हाय, पुसत न्हाई. ऐकतच न्हाई."

आत चुलीपाशी सगुणा पाठमोरी बसली होती. वळली नाही.

तो पटका मी पुन्हा डोक्याला बांधला नाही. पण वर्गात फळा पुसायला घेतला की हात थबकायचा. हाताखाली ती ओली पायरी लागायची. अजून लागते.

पुढच्या सोमवारी पोरांना घेऊन पुन्हा गेलो. आधी मीच चढलो. रावसाहेब आले. त्यांच्या गड्यानं माझ्या पायाशी फडकं टाकलं.

"मागच्या वेळचं विसरलास?"

"विसरलो नाही, म्हणूनच आलोय. पुसणार नाही."

उतरलो नाही. शेवटच्या ओळीतलं नाव मोठ्यानं वाचलं, पुरतं. पोरांनी मागून म्हटलं. फडकं तिथंच पडून राहिलं. ज्या पोरीनं हे बघायला हवं होतं, ती तेवढी तिथं नव्हती.

महिन्याभरात माझी बदली झाली. सगुणा शाळेत परत आली नाही ती नाहीच. लग्न होऊन गेली म्हणतात. कुठं, ते ठाऊक नाही. वाकून पुसायला चढलं की विटाळ नाही, नागरिक म्हणून चढलं की विटाळ: तिच्या प्रश्नाचं हे उत्तर त्या वाटेवरच मला ठाऊक होतं, आणि मी तिला पाय उचलायला सांगितलं. ह्याची माफी मला नको.

त्यानंतर तीन गावं झाली. ह्या गावात चावडी आहे, चावडीला दगडी ओटा आहे. आमच्या पोरांनी तो रस्त्यावरूनच बघायचा, अशी इथली रीत. उद्याचा नागरिकशास्त्राचा तास त्या ओट्यावर घेणार आहे. पोरांच्या पायांना चिखल असेल. मी पुसणार नाही, आणि कुणाला पुसूही देणार नाही.