घोडा, उंट आणि पन्नास चाली

मंडळी, आज मस्तगडच्या बुद्धिबळ स्पर्धेत माझ्याकडं राजा, घोडा आणि उंट उरला होता. समोर एका रिटायर्ड मास्तरांचा एकटा राजा.

मास्तर म्हणाले, "ताई, बरोबरी घ्या. एवढ्या सोंगट्यांत मात होत न्हाई."

मागच्या वर्षी असंच ऐकून मी बरोबरी घेतली आणि जाफराबादच्या एसटीत रडत गेल्ते. मंग वर्षभर हीच मात शिकले.

"होते, सर. मी खेळून राह्यले."

पन्नास चालींत मात झाली न्हाई तर बरोबरीच. पंच चाली मोजून राह्यले होते. माझा उंट काळ्या घरांचा, म्हणून राजाला काळ्या कोपऱ्यातच कोंडायचं होतं. तो दोनदा निसटला. पण मी घाई केली न्हाई.

सत्तेचाळिसाव्या चालीला मात!

मास्तरांनी सोंगट्या परत पटावर मांडल्या. मंग म्हणाले, "मला शिकवता का हे?"

'होत न्हाई' म्हणून तुम्ही काय सोडलंय?