डाव्या बाजूचा कान

मंगळवार, १९ ऑगस्ट १९८०. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. आमच्या टूलरूममधले घड्याळ पाच मिनिटे पुढे असे, ती वजा करून सांगतो आहे. त्या वेळेला जे सुरू झाले ते मी पत्नीला सांगितले नाही, मुलीला सांगितले नाही, देवापुढेही उच्चारले नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. का — ते विचारू नका. मला ते नीट ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी झालेल्यात काही फरक पडत नाही.

माझा धंदा डब्यांचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या पुढे, प्लास्टिकच्या वस्तूंचा एक कारखाना होता. तिथे मी वस्तूंची आखणी करीत असे आणि टूलरूम — म्हणजे साचे तयार होतात तो विभाग — माझ्या हाताखाली होता. बादल्या, पाण्याचे मग, सोपकेस असली कामे मी अनेक वर्षे केली. अभिमान वाटावा असे काम एकच केले. एकावर एक रचता येतील असे लांबट डबे.

तुम्ही म्हणाल, त्यात अवघड काय? अवघड झाकण. घट्ट हवे — मुंगी शिरता कामा नये, खाडीकडची दमट हवा शिरता कामा नये. आणि तरीही पिठाने भरलेल्या हाताला, म्हातारीच्या बोटांना ते सहज उघडले पाहिजे. घट्टपणा आणि सुटसुटीतपणा एकाच काठात बसवायचा. शिवाय वरच्या डब्याचा तळ खालच्या झाकणाच्या खाचेत बसला पाहिजे, म्हणजे वाशीतल्या तेवढ्याशा स्वयंपाकघरात सहा डब्यांची चवड हलणार नाही. दीड वर्ष मी त्या काठावर काम केले. शेवटी उत्तर सापडले ते असे — झाकणाच्या लांब बाजूला, उजव्या टोकाशी, बोटभर रुंदीचा एक कान. तो उचलला की झाकण कोपऱ्यापासून सोलल्यासारखे सुटत जाते.

उजव्या टोकाशी. हे लक्षात ठेवा.

साचा म्हणजे वस्तूचे उलटे रूप. साच्यात जे उजवीकडे कोरावे ते वस्तूवर डावीकडे येते. पहिल्या वर्षाच्या उमेदवारालाही हे शिकवतात. मी ते विसरलो. जानेवारीत पहिला साचा मशीनवर चढला, पहिली बारा झाकणे बाहेर पडली, आणि सगळ्यांचे कान डावीकडे होते. मला ते दिसलेही नाही. ते दिसले बाळारामला.

बाळाराम आमचा फिटर. गाव शिरवणे. घरची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती, आणि चार भावांत पगाराची नोकरी या एकट्याची. कानस चालवायला बसला की केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला कळे. तो झाकण हातात फिरवत म्हणाला, "सायेब, कान उलट्या बाजूला आयलाय." मशीनवरचा ऑपरेटर मागून ओरडला, "साहेबांनी डावखुऱ्यांचा डबा काढला रे!" सगळे हसले. बाळारामही हसला.

मी हसलो नाही. साचा दुरुस्तीला पाठवा, एवढेच म्हणालो. पण ते हसू मी जपून ठेवले — असे आज म्हणतो. त्या वेळी मला वाटत होते, मी ते विसरलो आहे.

त्या बारा झाकणांचे आणि डब्यांचे काय झाले? नियम असा होता की नापास नमुने दळून त्यांचे पुन्हा दाणे करायचे. एकही कारखान्याबाहेर जाता कामा नये. नियम मीच लिहिला होता. खाली सही माझी होती. पाच डबे झाकणांसकट दळले गेले. एक बाळारामने मागून घेतला — "सायेब, यो एक ठेवू का? बारके स्क्रू ठेवाला." मी मान हलवली. तो डबा त्याच्या कपाटात, कारखान्यातच राहिला. उरलेले सहा मी घरी नेले. झाकण ओल्या हाताने उघडते का, तेलकट हाताने उघडते का, हे घरातच कळणार होते. निदान तसे मी स्वतःला सांगितले. गेटवर कामगारांच्या पिशव्या उघडून पाहत असत. माझी पाहत नसत.

आता पत्नीबद्दल थोडे सांगणे भाग आहे. ती डावखुरी होती. उभ्या आयुष्यात तिला त्यावरून ऐकून घ्यावे लागले — वाढताना, ओवाळताना, कुंकू लावताना. तिने तो डबा ओट्यावर ठेवला, डाव्या हाताने कान उचलला, झाकण सुटले. तिने ते पुन्हा बसवले, पुन्हा उघडले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, हे माझ्यासाठी केलंत?"

मी काही बोललो नाही. न बोलणे हेही खोटे बोलणेच असते, हे मला कळत होते. पण तिचा चेहरा — जाऊ द्या.

तर, ऑगस्टची ती सकाळ. आमचा डबा दिवाळीला बाजारात यायचा होता. कान उजवीकडे घेतलेला दुरुस्त साचा तयार होता. नऊ दहाला आमचे विक्रीचे गृहस्थ टूलरूममध्ये आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक डबा ठेवला. दुसऱ्या कारखान्याचा. मुंबईच्या दुकानात आदल्या दिवशी आलेला. "घ्या साहेब," ते म्हणाले, "तुमचं बाळ दुसऱ्याच्या मांडीवर."

काठ माझा होता. खाच माझी होती. आणि कान — डावीकडे. नक्कल करणाऱ्याने माझी चूकसुद्धा इमानाने उचलली होती. म्हणजे दुरुस्त साच्यावरून नव्हे, कागदावरच्या आकृतीवरूनही नव्हे. जानेवारीतल्या त्या बारांपैकी एक त्यांच्या हाती गेला होता.

संशय यायला किती वेळ लागतो? मला तो टेबलावरून मान वर करेपर्यंत आला. समोर बाळाराम कानस चालवत होता. त्याने वर पाहिले नाही. का पाहिले नाही? टूलरूममधले सगळे गोळा झाले होते, हा एकटा मान खाली घालून होता. मग एकेक गोष्ट आठवू लागली. मे महिन्यात त्याने नवी सायकल घेतली होती. त्याचा मेव्हणा तळवलीहून टेम्पो चालवी, कुठल्या कुठल्या कारखान्यांत माल पोचवी. जेवणाच्या सुट्टीत तो गेटबाहेर कोणाशी तरी बोलत उभा असे. कोणाशी? आधी यातले काहीच खुपले नव्हते. त्या सकाळी सगळे एका रेषेत येऊन बसले, माझ्या डब्यांसारखे, एकावर एक.

घरातल्या सहा डब्यांचा विचार मनात आला नाही का? आला. पण ते माळ्यावर आहेत असे मी धरून चाललो होतो. आणि माझ्या घरातले डबे म्हणजे बाहेर गेलेले डबे, असे मला वाटतच नव्हते.

दुपारी चार वाजता मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघे होतो. माझ्या सांगण्यावरून बाळारामचे कपाट उघडले गेले होते. स्क्रूंचा तो डबा टेबलावर होता. डाव्या कानाचा. मॅनेजरने विचारले, हा तुझ्याकडे कसा? बाळाराम गोंधळला नाही. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सायबांना इचारून ठेवलेला. सायेब, तुमालाच इचारला न मी?"

मॅनेजरनेही माझ्याकडे पाहिले. "काय हो?"

इथपर्यंत यायला मला इतके परिच्छेद लागले. तेव्हा फक्त तीन शब्द लागले.

"मला आठवत नाही."

मला आठवत होते. कोणता दिवस, तो कुठे उभा होता, मी मान कशी हलवली — सगळे आठवत होते. मॅनेजरने पुढे विचारले, आणखी कोणाकडे नमुना होता? मी म्हणालो, नाही, बाकी सगळे दळले. तशी दोन ओळींची टिपणी लिहून दिली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखेच आले होते. बाळारामने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. राग नव्हता. फिटर साच्याकडे बघतो तसे — कुठे फरक राहिला आहे हे शोधत असल्यासारखे. साडेचारला त्याला गेटबाहेर काढले. सायकल तो हातात धरून ढकलत नेत होता.

त्या वेळी मला तो चोर वाटत होता, हे खरे. पण तेवढ्याने माझे तीन शब्द खरे होतात का?

साडेसहाला घरी पोचलो. हातपाय न धुता माळ्यावर चढलो. डबे नव्हते. पत्नी स्वयंपाकघरात होती. विचारले.

"ते? वाणाला दिले की!" ती म्हणाली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. पाच दिले, एक ठेवला. सगळ्या जणी स्टीलचे चमचे नि वाट्या लुटत होत्या, म्हटलं आपल्याकडे आपल्या घरचं काहीतरी असावं. सगळ्यांना सांगितलं, ह्यांनी माझ्या हातासाठी केलंय म्हणून."

मी विचारले, कोणाकोणाला दिले. तिने बोटांवर मोजून नावे सांगितली. चौथे नाव समोरच्या इमारतीतल्या वहिनींचे होते. "त्यांच्या यजमानांना तर इतका आवडला! ते साच्याच्याच धंद्यात आहेत ना, कळतं त्यांना. वहिनी म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी डबा ऑफिसलाच घेऊन गेले."

कोणत्या कारखान्यात, हे मी विचारले. तिने सांगितले. सकाळी टेबलावर आलेल्या डब्याच्या तळाशी तेच नाव होते.

आता पाहा. तेव्हा पावणेसात झाले होते. शिरवण्याला जायला बस होती. मॅनेजरच्या घरी फोन होता, आणि आमच्या खालच्या दुकानातूनही फोन करता येत असे. 'आठवले' एवढेच म्हणायचे होते. त्याच्याही आधी, 'डबे मीच बाहेर नेले' एवढे म्हणायचे होते. फार तर नोकरी गेली असती. माझी. ज्याची जायला हवी होती त्याची.

मी चहा घेतला.

बाळाराम पुन्हा कुठल्या टूलरूममध्ये दिसला नाही. त्या रस्त्यावर कारखाने पुष्कळ, पण कारखान्यांत माणसे तीच. नमुना विकणारा फिटर म्हणून त्याचे नाव आधी पोचत असे. सहा वर्षांनी मला तो वाशीच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात भेटला. पाठीवर गोणी होती. त्याने ती उतरवली, हात पुसले. "सायेब! बरा हाय ना?" मी मान हलवली — तशीच, जानेवारीत हलवली होती तशी. तो थोडा जवळ आला. "एक सांगू? तवा तुमाला खरंच आठवला नसंल. एवढी कामा तुमाला. मी मनात नाय ठेवला."

मी म्हणालो, "हो. कामे फार होती."

त्याने गोणी उचलली आणि गेला. मी पाठीमागून पाहत राहिलो आणि मनात आले ते हे — हा खरेच असे समजतो, की मला जोखतो आहे? त्या क्षणीही मला त्याचा संशयच आला. यावरून मी कोण आहे ते कळावे.

पत्नीचाही आला. पुढच्या संक्रांतीला तिने स्टीलचे चमचे लुटले. डब्यांचे नाव पुन्हा कधी काढले नाही. तिला सगळे कळले होते का? ती जाईपर्यंत मी तिच्या चेहऱ्यावर ते शोधत होतो, आणि विचारायचे धैर्य झाले नाही.

उजव्या कानाचा आमचा डबा दिवाळीला आला. चांगला खपला. त्यानंतर मला बढती मिळाली; तिचे पेढे टूलरूममध्ये वाटले.

त्या मंगळवारचे एवढे राहिले आहे. जेवणे झाल्यावर मी शिल्लक राहिलेला डबा मागितला. तिने त्यात पोहे ठेवले होते. नमुना परत द्यायचा आहे, असे सांगितले. "माझा आहे ना तो?" ती म्हणाली. मी पोहे स्टीलच्या डब्यात ओतले. पत्र्याची कातर घेऊन आधी झाकणाचा कान कापला, मग झाकणाचे चार तुकडे केले, मग डब्याचे. ते वर्तमानपत्रात गुंडाळले, सकाळी दळायला टाकण्यासाठी जेवणाच्या पिशवीत तळाशी घातले, आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली.